हजार आणि पुढे

३ मार्च, सकाळी ६.१०
आजपासून स्पॅनिश. २८ तारखेला स्पॅनिश बोलणाऱ्या शिक्षकांचा गट आमच्या तारांगणात येतोय. साहेब दुभाषी बाई बोलावणार होते. म्हटलं, कशाला? एकोणीस वर्षं प्रोजेक्टर चालवतोय, निवेदन तोंडपाठ आहे. साहेब म्हणाले, बघा बुवा, जमलं तर माइक कायमचा तुमचा.
एकोणीस वर्षं अंधारात बटणं दाबली. आता माइक.

५ मार्च
तारांगणात सगळा खेळ मोठ्या आकड्यांचा. म्हणून पुस्तक थेट पान ६१ पासून धरलं : 'हजार आणि पुढे'. एक-दोन-तीन बालवाडीत ठीक. बायको पहिली पानं चाळत होती. विचारते, तेवीसला काय म्हणतात? म्हटलं, अगं, आकाशात तेवीस काय असतं?

९ मार्च
त्यांच्यात लाख-कोटी नाहीतच. लाख म्हणजे शंभर हजार. दहा लाख म्हणजे 'मियोन'. अब्जाला म्हणायचं 'मिल मियोनेस', हजार वेळा दहा लाख. 'बियोन' म्हणालात की थेट लाख कोटी! इंग्रजीवाले इथेच आपटतात. दुभाषी बाईसुद्धा आपटल्या असत्या.

१४ मार्च, जेवणाची सुट्टी
तिकीटवाल्या बाईंना समोर बसवून तालीम. विश्वाचं वय १३८० कोटी वर्षं. जीभ घसरून 'बियोन' निघालं, विश्व हजारपट म्हातारं झालं. बाई म्हणाल्या, त्याचा जन्मदाखला कोण मागणार आहे? या वृत्तीनेच सगळं बिघडतं.

२१ मार्च
अभ्यास नाही. घशाला विश्रांती. उद्यापासून पान १ ते ६०. जमल्यास.

२८ मार्च, दुपारी १.००
फत्ते! 'त्रेसे मिल ओचोसियेंतोस मियोनेस', म्हणजे १३८० कोटी, एका दमात. एकही बियोन नाही. टाळ्या. निघताना त्यांच्या प्रमुख बाईंनी काहीतरी विचारलं. त्यात एक आकडा होता, पण हजाराच्या खालचा. कौतुकच असणार. 'ग्रासियास', म्हणजे धन्यवाद, म्हणालो आणि दाराला कुलूप लावलं.

त्याच दिवशी, ४.००
कौतुक नव्हतं. आम्ही तेवीस जण, सगळे बाहेर आले ना, असं विचारत होत्या. तिकीटवाल्या बाईंना ते नुसत्या हातवाऱ्यांवरून कळलं. बोटं नाचवत त्यांनी बसमधली डोकी मोजली : बावीस. कुलूप काढलं. सगळ्यांत वयस्कर शिक्षिका कलत्या खुर्चीत गाढ झोपलेल्या. (निवेदनामुळे नव्हे. खुर्च्याच तशा आहेत.)
साहेब माझ्याकडे बघत तिकीटवाल्या बाईंना म्हणाले, "यांनी विश्व मोजलं हो, माणसं तेवढी राहिली."

३० मार्च
पुढच्या गटाला दुभाषी बाई. मी बटणांवर.
पान १ उघडलं. ऊनो, दोस, त्रेस. चारला अडलो.
"क्वात्रो," बायको स्वयंपाकघरातून म्हणाली. आणि भांडी विसळता विसळता, न अडखळता, तेवीसपर्यंत गेली.