पाणी प्यायलेला ओरेगानो

लेकीचे धर्मबाप मानूसोस यांस, तिच्या सख्ख्या बापाचा वाकून (गुडघा दुखतोय, तेव्हा कमरेपर्यंतच) नमस्कार. तुमचा खोकला, वहिनींचा राग आणि तुमच्या बकऱ्या, तिन्ही आटोक्यात असतील अशी आशा.

इकडे माझी मिशी संकटात आहे. निम्म्या क्रीटला ठाऊक असलेली ही मिशी मी जूनमध्ये, पुतणीच्या लग्नात, पणाला लावून बसलो. झालं असं, की यंदा मी ओरेगानोच्या उतारावर ठिबकच्या नळ्या टाकल्या. (डोंगरच्या ओरेगानोला आजवर कुणी पाणी पाजलं नव्हतं; म्हटलं, आपणच पहिले शहाणे.) त्यात मे महिनाभर पाऊस. झाडं माझ्या पट्ट्याला लागली, आणि मी मेहुण्याला, स्ट्रातिसला, भर पंगतीत सांगितलं, की ऑगस्टच्या जत्रेपर्यंत ओरेगानोच्या तेलाची बाटली गळ्यापर्यंत भरली नाही तर ही मिशी तू उतरव. सासूबाई म्हणाल्या, "जावईबापू, ओरेगानोचं जावयासारखंच असतं. उन्हात उपाशी ठेवला तर दरवळतो. पोसला की नुसतं अंग धरतो." सगळे हसले. सर्वांत मोठ्याने मीच.

पुढे जुलैही असा गार, की म्हातारे जाकिटं घालून बसले. फुलोऱ्यावर कापणी केली, तेल गाळायच्या तांब्याच्या भट्टीत पोत्यामागून पोती रिचवली. नळीतून पाणी आलं, मग आणखी पाणी, आणि त्यावर तेलाचा एवढासा तवंग. बाटलीचा तळही धड झाकेना. स्ट्रातिस वाकून म्हणाला, "दाजी, हे तेल आहे की तेलाची आठवण?" त्याच्या कातळावरच्या गुडघ्याएवढ्या, करपलेल्या झुडपांनी मात्र बाटली भरली. बूच काढलं की डोळ्यांत पाणी येतं. (माझ्या, न काढताच.)

काल कॉफीच्या दुकानाच्या खिडकीखालून जाताना कानावर आलं, की रविवारी चर्च सुटल्यावर तो चौकात खुर्ची मांडणार आहे. पाद्रीबाबांनी म्हणे पुढची जागा धरून ठेवलीय.

बाकी सर्व क्षेम. मुलांना पापे.

तुमचा (अजून तरी) मिशाळ,
पोलिख्रोनिस

ता. क. तुमच्या घळीवरचं तेल यंदा फार उत्तम उतरलं म्हणतात. शनिवारी एक बाटली कोटाखालून आणता आली तर बघा. वास सुटेल, तेव्हा सोबत एक बोकड असू द्या.

ता. क. २. तेल राहू द्या. सासूबाई माझ्या खांद्यावरून वाचत होत्या. तुमचा चांगला वस्तरा तेवढा आणा. स्ट्रातिस सकाळपासून मेंढ्यांची कातर परजतोय. सासूबाई मात्र धीर देताहेत, "येईल हो मिशी परत, जावईबापू. फक्त तिला पाणी घालू नका."