दोन लिफ्टमन आणि एकच 'द'

ती. दाजींच्या पायांवर डोकं ठेवून नमस्कार.

देवदयेने आम्ही सारे उभे आहोत (मी जरा वाकून, कारण पुढे लिहितो). ताईचा गुडघा कसा आहे?

मी रुग्णालयाचं भांडार सांभाळतो हे आपण जाणताच. भांडारप्रमुखाची जागा रिकामी झाली आणि नवे अधीक्षक म्हणाले, वस्तूंवर बिनचूक इंग्रजी चिठ्ठ्या लावील त्याला ती देऊ. मला आपली शिकवण आठवली. इंग्रजीत मोजता येणारी एकटी वस्तू उघडी सोडायची नाही. पुढे 'अ', 'द', 'माय' असं काहीतरी हवंच. (मला हे फार आवडलं. जगात कोणीच निराधार नसावं.) बादल्या पुष्कळ, म्हणून प्रत्येकीला 'अ'. वजनकाटा एकच, सगळ्यांच्या ओळखीचा, त्याला 'द'. माझ्या स्टुलावर 'माय' लावलं, पण इथे आपलं असं काय असतं, म्हणून संध्याकाळी काढून टाकलं.

चूक एवढीच झाली की, हातासरशी दोन्ही लिफ्टमनच्या कपाटांवरही मी 'अ लिफ्टमन' चिकटवलं. थोरले अर्थ विचारायला आले, मी सांगितला. "तेवीस वर्षं लिफ्ट चालवतोय, आणि मी कुठला तरी? वजनकाट्याच्याही खाली?" घाबरून मी त्यांना 'द' दिला. लगेच धाकटा हजर. "म्हणजे मी लिफ्टमन नाहीच का?" दुपारपर्यंत खिडकीशी रांग लागली. आचारी म्हणाला, "साहेब, 'अ' नको. तेवढी किंमत घरी आहेच." सात नंबरच्या खाटेवरचे आजोबा सलाइनचा दांडा ढकलत आले, त्यांनाही 'द पेशंट' व्हायचं होतं. त्यांच्या हातात मी 'अ'च ठेवला. ते रागाने लिफ्टमध्ये शिरून वर गेले.

त्यानंतर त्याच लिफ्टमध्ये अधीक्षक दोन मजल्यांच्या मध्ये अडकले. धाकटा म्हणाला, "त्या खास माणसाला बोलवा." थोरले म्हणाले, "असल्या फुटकळ कामाला 'द'ने जायचं?" आतून साहेब ओरडले, "अरे, कोणीही या!" 'कोणीही' ऐकल्यावर दोघेही जे खाली बसले ते उठेनात. शेवटी देवाचं नाव घेऊन मीच गच्चीवरच्या लिफ्टयंत्राच्या खोलीत हँडल फिरवलं (कंबर तिथे गेली). साहेब बाहेर आले ते पाठीवर 'अ' घेऊन. आजोबांनी नको असलेली चिठ्ठी लिफ्टच्या भिंतीला लावून ठेवली होती.

आपला,
वाकलेला मेहुणा

ता. क. मूळ काम राहिलंच. साहेबांना आठ दिवसांत इंग्रजीत बिनचूक माफीपत्र हवं आहे, नाहीतर बढती गेली. आपण लिहून पाठवावं.

ता. क. २ आत्ताच ताईचा फोन आला. आपल्या इंग्रजी पत्रांतही हे 'अ' नि 'द' तीस वर्षं तीच घालते म्हणे. तेव्हा हे पत्र सरळ तिच्याकडे द्यावं. नमस्कार मात्र आपण ठेवून घ्यावा.