सतरंजीवरची माझी जागा

मी, झुंबरबाई भ्रतार कै. धोंडिबा गराडे, वय अंदाजे पासष्ट, धंदा शेती व भातसडणी, राहणार परंदवडी, तालुका मावळ, जिल्हा पुणे, हे मृत्युपत्र राजीखुशीने करून ठेवते. गुडघे गेले आहेत, डोकं जागेवर आहे. कोणाची जबरदस्ती नाही. माझ्यावर जबरदस्ती करायला आता गावात उरलंय कोण? मी सांगते तसं शाळेच्या लीलाबाई लिहून घेत आहेत.

कलम १. राहतं घर व ओढ्याकाठचं भातखाचर मुलगा महिपती याला. तो तळेगावच्या कारखान्यात जातो, शेताकडे ढुंकून बघत नाही. तरी खाचर विकायचं मनात आलं तर आधी बायकोला विचारावं.

कलम २. पुतळ्यांची माळ नवलाख उंबरे गावी दिलेली लेक सावित्रा हिला. तिची जाऊ घालायला मागेल. देऊ नये.

कलम ३. आमच्या हातसडी तांदूळ व रानमेवा सहकारी संस्थेतला माझा शेअर सून शालूबाई हिला, तिच्या स्वतःच्या नावावर. यावरून घरात बोलणं झालं आहे, म्हणून सविस्तर लिहिते.

संस्था निघाली तेव्हा लोणावळ्याच्या बाजारात दुकान थाटलं. आम्ही सडलेला आंबेमोहोर, नाचणी, रानातला मध, करवंदं. बंगलेवाले आणि हवापालटाला आलेले लोक हौसेने नेत. दुकान उघडलं त्या दिवशी सगळ्या बायांना हळदीकुंकू लावलं आणि मला वगळलं. विधवा ना मी! मग सभासदांची नावं लिहायला घेतली. भात सडायचं बायांनी आणि नाव लागायचं नवऱ्याचं, घरटी एक. महिपती तेव्हा चड्डीत होता. सहकार खात्याच्या साहेबांनी विचारलं, या घरातून कोण? मी म्हटलं, "माजंच लिवा." ज्या कारणाने कुंकू चुकलं त्याच कारणाने मी सभासद झाले. सभेला पुरुष सतरंजीवर, बाया दाराशी उभ्या, आणि मी सतरंजीवर मांडी घालून. लय बरं वाटलं, खोटं कशाला सांगू.

पुढे माझे दीर कोंडाजी चेअरमन झाले. त्यांनी ठराव मांडला, की गिरणीचा तांदूळ आणून हातसडीचा म्हणून विकू. सगळ्यांचे हात वर, माझा एकटीचा खाली. मी म्हटलं, "मग मुसळांचं काय काम? उद्यापास्नं समदी माज्या माळ्यावर." आणि आली की! सगळ्यात आधी आलं ते भाऊजींच्याच घरचं. जाऊबाई कस्तुराबाई ते खांद्यावर टाकून भरदिवसा वेशीतून चालत आल्या. मुसळं माळ्यावर गेल्याचं लोणावळ्यापर्यंत कळलं, गिऱ्हाईक फिरकेना, आणि दिवाळीच्या तोंडावर दुकान रिकामं पडलं. ठराव मुकाट मागे घेतला. तेव्हापासून आमच्या दुकानात गिरणीचा दाणा शिरलेला नाही. छाती भरून येते.

पण घरटी पुरुषाचंच नाव, ही रीत तशीच राहिली. महिपती म्हणतो, "आये, शेअर माज्या नावावर कर. घरातली बाई सभेला बसली तर लोक हसत्यात." मी बसत होते तेव्हा कोण हसला ते सांग म्हटलं, तर डबा उचलून कारखान्याला निघाला. त्याने मुसळाला कधी हात लावलेला नाही. शालू पहाटेपासून सडते. मालकी तिचीच. मात्र शेअर बदलायला संस्थेची मंजुरी लागते, एका सभासदाने नाव सुचवावं लागतं, आणि नवरा हयात असलेल्या बाईचं नाव आजवर कोणी सुचवलेलं नाही. एवढाच घोर आहे.

कलम ४. माझा लग्नातला कुंकवाचा करंडा, धोंडिबा गेल्यापासून पेटीत आहे, तो संस्थेला. दर वर्धापनदिनी तो काढावा आणि आधी विधवांना विचारावं.

साक्षीला कोंडाजी भाऊजींनाच मुद्दाम बोलावलं आहे. चेअरमन अजून तेच आहेत, शालूचं नाव अडलं तर त्यांच्यापाशीच अडणार. हे सगळं त्यांना पहिल्यापासून वाचून दाखवावं, आणि संपेपर्यंत चहा देऊ नये.

ठिकाण: परंदवडी. तारीख: ९ फेब्रुवारी १९७२.

सही: झुंबरबाई धोंडिबा गराडे

लेखन व साक्ष: लीलाबाई केशव टिळेकर, शिक्षिका

साक्ष: कोंडाजी रावजी गराडे

(साक्षीदाराने सहीखाली स्वहस्ते लिहिले:) समदं ऐकलं. मुसळाचं खरं हाय. वहिनी, शालूचं नाव मी सुचवतो. आता च्या द्या.