ईराच्या मागे मागे

१२ सप्टेंबर, स्कोफिल्ड्स

बॅगा भरून झाल्या. ईराची उघडून पाहिली, सगळे सैल जंपर्स, लांब बाह्यांचे. इटलीत अजून उकाडा असेल म्हटलं तर, "आय गेट कोल्ड, आई."

क्लिनिकच्या डॉक्टर आज दोनदा म्हणाल्या, थोडं फिरा, पण डोंगर वगैरे चढायचे नाहीत, तिच्या हार्टला झेपणार नाही. ईरा शहाण्यासारखी मान डोलवत होती. एकोणीस वर्षांची पोर. जेवण सुटलं, मग मैत्रिणी सुटल्या, मग युनिव्हर्सिटी. आणि आता हार्ट.

मिलिंदला रजा नाही. "दोघीच जा. इटलीत कोण उपाशी राहतं?" म्हणाला आणि हसला. मीही हसले. माझीही आशा तीच आहे, दुसरी कुठली उरलीय? वरणभात, थालीपीठ, सूप, सगळं करून झालं. रागावून झालं, रडून झालं. आता पास्ता.

१६ सप्टेंबर, ला स्पेझिया

काल अर्धं आइस्क्रीम खाल्लं! फोटो काढून मिलिंदला पाठवला. लगेच उत्तर, "सांगितलं होतं ना."

आज काहीच नाही. काळी कॉफी. फोटो काढायला नको होता बहुतेक.

संध्याकाळी म्हणाली, "जस्ट वन वॉक, प्लीज. समुद्राकाठचा. मग तू सांगशील ते खाईन." तिने माझ्याकडे काहीतरी मागून किती दिवस झाले. मी हो म्हटलं. डॉक्टरांचं आठवलं, तरी हो म्हटलं.

१७ सप्टेंबर

लिहून काढते, नाहीतर डोक्यात फिरतच राहील.

सकाळी ट्रेनने मोंतेरोस्सो. तिथून डोंगराच्या कडेकडेने वेर्नाझ्झा गावापर्यंत चालायचं आणि ट्रेनने परत यायचं, एवढंच ठरलं होतं. निघण्याआधी तिने फोकाच्चा ब्रेडचा तुकडा पूर्ण खाल्ला. माझ्याकडे बघत बघत, औषध घेतल्यासारखा.

वाट म्हणजे नुसत्या दगडी पायऱ्या. लिंबाच्या बागा, द्राक्षाचे मांडव, खाली निळंशार पाणी. इतकी अरुंद की समोरून कोणी आलं की भिंतीला चिकटून उभं राहायचं. ईरा पुढे, मी मागे. तिच्या लेगिंग्ज, पण त्याही पायांवर सैल पडलेल्या. समोरून येणारे लोक आधी समुद्राकडे बघत, मग तिच्याकडे, मग पटकन परत समुद्राकडे.

एका वळणावर माझ्यासाठी थांबली. पाण्याची बाटली पुढे केली. "गुडघे दुखतायत का गं?" मराठीत विचारलं! मग माझं तोंड बघून, "यू लुक लाइक अ टोमॅटो, आई," आणि खळखळून हसली. मीही. जुनी ईरा होती ती. दोन मिनिटं होती.

वेर्नाझ्झाला बंदराजवळ टेबल मिळालं. मी दोघींसाठी पास्ता सांगितला. ती म्हणाली, फक्त कॉफी.

"तू कबूल केलं होतंस."

"ब्रेकफास्ट खाल्ला ना."

मी काट्याला पास्ता गुंडाळून तिच्या तोंडापुढे धरला. लहान मुलाला भरवतात तसा, सगळ्यांसमोर. कुत्रं चावेल की काय अशा नजरेने ती त्या काट्याकडे बघत होती. मग हळूच म्हणाली, "यू वॉच मी च्यू. एव्हरी सिंगल टाइम. आय कान्ट ब्रीद."

"मरशील तू, ईरा!"

मोठ्याने बोलले. तिथे मराठी कोणालाच कळत नव्हतं. तिला कळलं.

स्टेशनवर ही गर्दी. लोकांनी मला आत ढकललं, वाटलं ती मागेच आहे. वळून पाहिलं तर प्लॅटफॉर्मवर. दारापासून एक पाऊल लांब. सहज चढली असती. माझ्याकडे बघत उभी राहिली आणि दार बंद झालं. ट्रेन लगेच बोगद्यात शिरली. मी दार बडवत होते. एक बाई इटालियनमध्ये मला काहीतरी समजावत होती.

फोन उचलेना. मग मेसेज: "वॉकिंग. मीट यू अ‍ॅट द नेक्स्ट वन."

पुढचं गाव कोर्निल्या. ते डोंगरावर आणि स्टेशन खाली. वर जायला पुन्हा पायऱ्या. कशी चढले ते माहीत नाही. पायवाट गावात येते तिथे एका कठड्यावर बसले. येईल त्याला विचारत होते, माय डॉटर, ग्रे जंपर, व्हेरी थिन. थिन म्हटलं की लोकांना लगेच कळायचं. पाहिली होती त्यांनी. एक म्हातारा फक्त छातीवर हात ठेवून मान हलवत गेला. त्याचा अर्थ काय लावायचा?

ऊन कलायला लागलं. शेवटी आली. दोन बायकांच्या मध्ये. एकीने तिची सॅक घेतलेली, दुसरीने दंड धरलेला. बॅलरॅटच्या निघाल्या दोघी! इतक्या लांब येऊन आपल्याकडचा ऑस्ट्रेलियन अ‍ॅक्सेंट ऐकला आणि मला रडूच फुटलं. "शी हॅड अ बिट ऑफ अ टर्न, लव्ह," थोरली म्हणाली. वाटेत चक्कर येऊन पडली होती. शुद्धीवर आली तर बसायलाच तयार नाही, लगेच चालायला लागली. मग त्याही तिच्याबरोबर चालत राहिल्या. निघताना थोरली मला बाजूला घेऊन म्हणाली, "तिला घरी ने. उशीर करू नकोस."

मी मारायला हात उचलला होता. तो ईराच्या पाठीवर पडला आणि मी तिला घट्ट धरलं. जंपरमधून सगळी हाडं हाताला लागली. बाळ असताना अंघोळ घालायचे तेव्हा ही पाठ कशी गुबगुबीत...

परतीच्या ट्रेनमध्ये माझ्या खांद्यावर डोकं ठेवून पडली होती. एवढ्या उकाड्यात हात गार. वाटलं झोपली. डोळे मिटूनच म्हणाली, "तुझ्यावर रागावून नव्हते गेले, आई. मला थांबायचं होतं. आय कुडन्ट स्टॉप. पायच थांबत नव्हते."

आजवर मला वाटायचं, ती हट्ट करतेय. हट्टाला आई पुरी पडते. याला कोण पुरं पडणार?

१८ सप्टेंबर

तिकिटं बदलून घेतली. उद्या निघायचं.

मिलिंदला फोन केला. सगळं सांगितलं. तो म्हणाला, "पण एवढं चालली म्हणजे ताकद आहे ना तिच्यात?" मी त्या वळणावर काढलेला तिचा हसतानाचा फोटो पाठवला होता, तो बघून, "चेहऱ्यावर जरा तजेला आलाय."

ऊन लागलंय रे तिला. पण बोलले नाही. एवढा एक माणूस तरी आशेवर असू दे.

२२ सप्टेंबर, स्कोफिल्ड्स

क्लिनिक. डॉक्टर मला एका शब्दाने बोलल्या नाहीत. बोलल्या असत्या तर बरं झालं असतं. ईसीजी बघून म्हणाल्या, अ‍ॅडमिट व्हायला हवं. बेड आहे, पण जास्त दिवस राखून ठेवता येणार नाही. आणि ती अ‍ॅडल्ट आहे, निर्णय तिचा. परवा सकाळी तिलाच फोन करणार.

"मी आई आहे तिची," मी म्हटलं.

"आय नो," त्या म्हणाल्या. दोनच शब्द, पण किती हळू.

मिलिंद घरी निघताना क्लिनिकच्या कार पार्कमध्ये रडला. लग्नाला एवढी वर्षं झाली, त्याला असं पाहिलं नव्हतं. ईरा मागच्या सीटवरून म्हणाली, "सॉरी, बाबा." त्याने मागे न बघता हात मागे नेला. तिने धरला की नाही, दिसलं नाही.

२४ सप्टेंबर

सकाळी उठले तर तिची खोली रिकामी. पुढचं दार नुसतं लोटलेलं. मिलिंदला न उठवता गाउनवरच गाडी काढली.

दोन गल्ल्या सोडून, नवी घरं बांधतायत तिथे दिसली. झपाझप चालत होती. मी गाडी हळू करून मागे राहिले. हॉर्न दिला नाही, हाक मारली नाही. तिला गाडी ओळखता आली असणारच. वळून बघेना. आख्ख्या वसाहतीला असा एक फेरा झाला, ती पुढे आणि मी मागे. कुत्रा फिरवणारा एक माणूस थांबून बघत होता. बघू दे.

मग पार्कपाशी ती थांबली. गुडघ्यांवर हात ठेवून वाकली. मी पुढे जाऊन दार उघडलं. पुढे बसली नाही. मागे जाऊन बसली, आडवी झाली, हूड तोंडावर ओढून घेतलं.

"ईरा, फोन आला की काय सांगणार आहेस?"

"डोन्ट नो."

"जाशील ना गं?"

तिने सीटकडे तोंड वळवलं.

घरी आल्यावर सरळ वर गेली. मिलिंद डायनिंग टेबलापाशी बसलाय, चहा तसाच गार झालाय. कामावर गेला नाही. क्लिनिकचा फोन आता कधीही येईल. तिच्याच फोनवर येणार, आम्ही इथे खाली बसून फक्त रिंग ऐकायची.

मघाशी तिच्या दाराशी जाऊन आले. वाटलं, दमून झोपली असेल. कान लावला. आत चालतेय. खिडकीपासून दारापर्यंत, परत खिडकीपर्यंत.