डावं फूल आणि पोटातला गोळा

१२ जानेवारी, सोमवार
नातीचा, सायलीचा, खोकला गेला. तिच्या बापाची, म्हणजे आमच्या सुधीरची, पाठ धरली आहे. हिंजवडीत दिवसभर खुर्चीत बसतो आणि वर म्हणतो, शेतात कंबर मोडते! सूनबाई ठणठणीत. म्हशीनं आज वैरणीला तोंड लावलं. राहिली आमची बायको, कमळ. डोळ्यात मोतीबिंदू पिकलाय. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, लगेच काढा. ही म्हणते, "आदी देवाला इचारते."

१५ जानेवारी
भैरवनाथाला कौल लावला. गेणबा गुरवानं देवाच्या दोन्ही खांद्यांना ओली फुलं चिकटवली. उजवं आधी पडलं तर ऑपरेशन कर, डावं पडलं तर नको.
डावं पडलं!
मी म्हटलं, "गेणबा, डावं देवाचं की आपलं? आपण समोर उभे, सगळं उलटं होतं."
"देवाचंच, नाना. देव काय तुमाला बघून कूस बदलनार हाय व्हय?"
कमळचा चेहरा बघावा — जणू लॉटरी लागली!

१८ जानेवारी, रविवार
वाचनालयात व्याख्यान. पुण्याच्या रोहिणीताई, कॉलेजात तत्त्वज्ञान शिकवतात. विषय — कारण, काळ आणि विवेक. निम्मी मंडळी चहासाठी आलेली. मी पुढच्या रांगेत.
बाई म्हणाल्या, एस.टी. येण्याआधी रोज कुत्रं भुंकतं, म्हणून कुत्र्यानं एस.टी. आणली का? मला राहवलं नाही. म्हणालो, "कोंबडं झाकलं म्हणून तांबडं फुटायचं राहत नाही!" बाई खूश. मग म्हणाल्या, कारण आधी, परिणाम मागून. काळ उलटा चालत नाही. आणि शेवटी — माणूस निर्णयाचं जे कारण सांगतो, ते खरं कारण असतंच असं नाही. हे रस्ताभर घोकत आलो.
घरी येताच कमळला शिकवायला बसलो. कारण आधी, परिणाम मागून.
"बरं. मग डोळा कापायचाच झाला तर उद्या-परवा, आन् माज्या पोटात गोळा आजच का येतोय? उद्या आदी आला व्हय?"
म्हटलं, वाढ जेवायला.

१९ जानेवारी
पावट्याच्या शेंगा सोलताना डोक्यात लख्ख उजेड पडला. पोटात गोळा! म्हणजे तिच्या नकाराशी फुलाचा काही संबंधच नाही!
म्हटलं, "खरं सांग, उजवं पडलं असतं तर?"
सोललेली शेंग सुपात टाकली. मग — "तर दुसऱ्या देवाला इचारलं आसतं."
हसावं की रडावं! मग हळूच म्हणाली, "गोजराआक्काचा डोळा गेला की वो आपरेशन करून."
आत्ता कळलं. थोरल्या बहिणीच्या डोळ्याचं भ्या मनात धरून बसलेली, आणि मी तिला एस.टी. आणि कुत्रं सांगत होतो! व्याख्यान दिलं नाही. म्हटलं, आक्काला फोन लाव.
आक्काचा आवाज अंगणापर्यंत. "आगं बये, आपरेशनानं न्हाई गेला, उशिरानं गेला! डोळा दुखतोय ह्ये मीच समद्यांपास्नं लपवलं. तू नगं तसं करूस."
कमळनं फोन ठेवून शेंगा पुन्हा पुढ्यात ओढल्या. मी पाणी आणून दिलं.

२१ जानेवारी
कमळ तयार! म्हटलं, "आणि देव?"
"देवाला सांगीन. इचारनार न्हाई."

२३ जानेवारी, शुक्रवार
दवाखान्यात गेलो. कमळचं पुढल्या आठवड्यात. डॉक्टरीणबाईंनी सहज मलाही खुर्चीत बसवलं. माझे दोन्ही पिकलेत! हिच्याही आधी माझा नंबर — मंगळवारी. कमळ दवाखान्यातच पदर तोंडाला लावून हसली.
सायलीच्या मोबाईलवरून रोहिणीताईंना निरोप लिहवून घेतला: भ्यायला कारण नाही, हे मला पूर्ण पटलं आहे. तरी भ्या जात नाही. तुमच्या शास्त्रात याला काही असेल तर सोमवारच्या आत कळवा, ताई.