सिनेटरसाहेबांचं उत्तर

फिलाडेल्फिया, १७९४

प्रिय आई,

सिनेटर व्हिटकरसाहेबांची बोटं संधिवाताने सुजलीत. मंत्र्यांची पत्रं ते सांगतात, मी लिहितो. सैनिकांच्या आयांना मात्र ते ओठ चावत स्वतः लिहितात. असा माणूस मी पाहिला नाही.

आज टपालात तुझं अक्षर दिसलं, पण पत्र त्यांच्या नावाचं! "माझा एमॉस जिवंत आहे ना?"

साहेब कडाडले, "गाढवा, जगाची पत्रं लिहितोस आणि आईला दोन ओळी नाहीत?"

मी लगेच हे लिहायला घेतलं.

"ठेव ती लेखणी! बाईंना उत्तर मी देणार, आणि पोचवणार तू. माझा घोडा ने."

घोड्यावर खोगीर चढतंय. त्यामुळे हे पत्र टपालात पडणार नाही. साहेबांची चिठ्ठी आणतोय. सुजल्या बोटांनी त्यांनी लिहिलंय, "बाई, उत्तर दारात उभं आहे. आधी जेवायला घाला, मग कान धरा."

तुझा गाढव,
एमॉस