तू बांधलेली माठाची जुडी

तीर्थरूप आईस, बुवापाड्याहून तुझ्या विनीतचा नमस्कार.

आम्ही बरे आहोत. तुझा गुडघा कसा आहे?

कंपनी तीन महिन्यांपूर्वीच बंद झाली. फोनवर मी तुझ्याशी खोटं बोलत राहिलो.

आपल्या गावाहून गरजूंसाठी येणारी भाजी इथल्या समाजमंदिरात वाटतात. शनिवारी मीही लाईनीत होतो. वाटायला नेमका आपला रघू! मी तोंड फिरवलं. त्याने माठाची जुडी हातात दिली.

"घे रे, काकूनेच बांधलीय."

जुडीभोवतीच्या केळीच्या सोपटाच्या दोरीला तुझीच दुहेरी गाठ. घरी तुझ्या सुनेने, करिष्माने ती सोडली, मला हात लावायची लाज वाटली.

रघू कुणाला सांगणार नाही म्हणाला, म्हणून मीच कळवतोय. माझ्यासाठी वेगळी पिशवी पाठवू नकोस. मी लाईनीत उभा राहीन.

तुझा,
विनीत